दरवर्षी ‘नवी’ नेक्सॉन, ‘नवी’ ब्रेझा येते. पण त्यात नवं नेमकं काय असतं? आणि वाशीमच्या माणसाने ते का बघावं?

वाशीममध्ये कुणी नवी-जुनी गाडी दारात आणून उभी केली की पहिला प्रश्न येतो, “मॉडेल कोणतं?” उत्तरात गाडीचं नाव कुणालाच नको असतं, ते मागे लिहिलेलं दिसतंच. उत्तर असतं, “एकोणीसचं” किंवा “तेवीसचं.” आपल्याकडे मॉडेल म्हणजे साल.

कंपन्या कोट्यवधी रुपये खर्चून गाडीचं नाव आपल्या डोक्यात बसवतात आणि आपण साल विचारतो. गंमत अशी की बरोबर आपणच असतो. विशेषतः चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्हींच्या बाबतीत तर शंभर टक्के. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ. या गाड्यांचं नाव तेच राहतं, आकार तोच राहतो, लांबून बघितलं तर चेहराही बराचसा तोच वाटतो. आतला माल मात्र सालागणिक बदलतो. कधी तो बदल निव्वळ रंगरंगोटी असतो, तर कधी तुमचा जीव वाचेल की नाही इतका मोठा असतो.

आत्ता हा विषय काढायचं कारण म्हणजे सीझन. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, पैसा हातात येतो तो दिवाळीनंतर. म्हणजे वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथला शेतकरी किंवा त्याच्यावर धंदा चालणारा दुकानदार गाडी बघायला निघतो तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. आणि नेमकं तेव्हाच देशभरातल्या शोरूमला सरत्या सालाचा माल संपवायचा असतो. “दादा, डिसेंबरमध्ये घ्या, चाळीस हजार सोडतो” हे वाक्य तेव्हाच ऐकू येतं.

यंदा त्यात जीएसटीची भर पडली. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन किंवा १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन आणि लांबी चार मीटरच्या आत, अशा गाडीवर आधी पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के कर होता. तो थेट १८ टक्क्यांवर आला. हिशेब केला तर दहा लाखांच्या पेट्रोल गाडीमागे साधारण ८५ हजार रुपये वाचतात. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे झाले सोळा क्विंटल. तेही हमीभाव मिळाला तर. यंदा अतिवृष्टीने झोडपल्यावर उरलेलं सोयाबीन बाजारात हमीभावाच्या खालीच विकावं लागलं, त्यामुळे हे सोळा क्विंटल आणखी जड आहेत.

त्याच सप्टेंबरमध्ये टाटा नेक्सॉन देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी ठरली. महिन्यात साडेबावीस हजारांहून जास्त. म्हणून आपण मुख्य उदाहरण नेक्सॉनचंच घेऊ. तशी ती आपलीच, पुण्याजवळच्या रांजणगावात बनते. थ्रीएक्सओ नाशिकची आणि नवी व्हेन्यू तळेगावची. या सेगमेंटचा निम्मा संसार महाराष्ट्रातच आहे म्हणायला हरकत नाही.

आकार का बदलत नाही?

नेक्सॉन २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा तिची लांबी होती ३,९९४ मिलिमीटर. २०२० मध्ये नवा चेहरा आला, लांबी ३,९९३. २०२३ मध्ये आख्खी गाडी नव्याने रंगवून आणली, लांबी ३,९९५. सहा वर्षांत दोन वेळा बदल, आणि फरक एक-दोन मिलिमीटरचा. ब्रेझासुद्धा ३,९९५. नवी व्हेन्यूही ३,९९५. सगळे इंजिनिअर एकाच शाळेत शिकलेत की काय असं वाटावं.

याचं उत्तर २००६ च्या केंद्रीय बजेटमध्ये आहे. तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी म्हणजे काय, तर लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. (पेट्रोलची मर्यादा आकड्यात जशीच्या तशी आज जीएसटीतही आहे.) ही सवलत छोट्या हॅचबॅकसाठी होती. पण कंपन्यांनी विचार केला, एसयूव्हीसारखी उंच आणि दणकट दिसणारी गाडी चार मीटरच्या आत कोंबली तर?

२०१३ मध्ये फोर्डने इकोस्पोर्ट आणली, २०१६ मध्ये मारुतीने व्हिटारा ब्रेझा, मग नेक्सॉन. महिंद्राने तर कमाल केली. त्यांच्याच मालकीच्या कोरियन साँगयाँग कंपनीची टिव्होली नावाची गाडी होती, साधारण ४.२ मीटरची. तिच्यावरून २०१९ ची एक्सयूव्ही ३०० तयार केली आणि तिला चार मीटरच्या आत बसवलं. त्या कापाकापीत डिकी गेली, उरली २५७ लिटरची. चार जणांच्या बॅगा घेऊन पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्यांना तिचा अर्थ लगेच कळतो.

म्हणजे या गाड्यांची बाहेरची चौकट करानेच ठरवून टाकली आहे. लांबी वाढवता येत नाही, पेट्रोल इंजिन मोठं करता येत नाही. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसी आहे आणि डिझेल १४९७. किती काठावर चालतात बघा. आणि काठ ओलांडला तर काय होतं ते ब्रेझाने दाखवलं. २०२० मध्ये तिने डिझेल बंद केलं आणि १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन घेतलं. लांबी चार मीटरच्या आत असूनही ‘छोट्या गाडी’ची सवलत गेली. आज नेक्सॉनवर १८ टक्के जीएसटी आहे, ब्रेझावर ४०.

चौकट बदलता येत नसेल आणि दरवर्षी काहीतरी ‘नवं’ तर विकायचंच असेल, तर बदल आतमध्ये करावे लागतात. इथून खरा विषय सुरू होतो.

एकच नाव, तीन वेगळ्या गाड्या

“नेक्सॉन फाइव्ह स्टार आहे” हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. जुन्या गाड्यांच्या बाजारातला एजंट तर ते पहिल्या मिनिटात म्हणतो. आता याचा कालक्रम बघा.

ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने नेक्सॉनची टक्कर चाचणी जाहीर केली. मिळाले चार स्टार, मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी १७ पैकी १३.५६ गुण. टाटांनी गाडीत सुधारणा केल्या, पुढच्या दोन्ही सीटना सीटबेल्टची आठवण देणारा बजर सरसकट दिला, बाजूच्या धडकेची अट पूर्ण केली. डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा चाचणी झाली, १६.०६ गुण आणि पाच स्टार. भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच पाच स्टार मिळाले, मोठी बातमी झाली आणि ती योग्यच होती.

पण ते पाच स्टार मोठ्या माणसांसाठी होते. मागे बसणाऱ्या लहान मुलांसाठी त्याच गाडीला तीनच स्टार होते. जाहिरातीत हे बारीक अक्षरांतही कुठे दिसत नाही. शिवाय त्या गाडीत एअरबॅग दोनच.

२०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपली परीक्षाच कडक केली. बाजूच्या धडकेची चाचणी, खांबावर आडवं आदळण्याची चाचणी, पादचाऱ्याची सुरक्षा आणि ईएससी हे सगळं आता स्टार देताना धरलं जाऊ लागलं. ईएससी म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी यंत्रणा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नेक्सॉनमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी सगळ्यात खालच्या व्हेरियंटपासून दिली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला नव्या कडक परीक्षेत पुन्हा पाच स्टार मिळाले, आणि यावेळी मुलांच्या सुरक्षेसाठीही पाच.

आता जुन्या बाजारात उभ्या असलेल्या तीन नेक्सॉन डोळ्यांपुढे आणा. एक २०१८ च्या सुरुवातीची, दुसरी २०२१ ची, तिसरी २०२४ ची. तिन्हींवर तेच नाव, आणि तिन्हींबद्दल एजंट “फाइव्ह स्टार” म्हणणार. पहिली चार स्टारवाली आहे. दुसरी पाच स्टारवाली, पण जुन्या सोप्या परीक्षेतली, आणि मुलांसाठी तीन स्टारवाली. तिसरी सहा एअरबॅगची. स्टार गाडीच्या नावाला मिळत नाहीत, ज्या काळात जी गाडी बनली तिला मिळतात.

वाशीम जिल्ह्यासाठी ही काही कागदावरची गोष्ट नाही. समृद्धी महामार्गाचे सुमारे ९७ किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून जातात, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा इथून चढता येतं. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. आधी जो माणूस अकोला-वाशीम-हिंगोली रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने चालायचा, तोच माणूस त्याच गाडीने आता १२० ने चालतोय. त्या रस्त्यावर तेवढी परवानगीच आहे.

आणि स्टार देणारी समोरासमोरच्या धडकेची चाचणी किती वेगाला होते? ताशी ६४ किलोमीटर. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. या हिशेबाने १२० च्या वेगात ती ६४ च्या तुलनेत साडेतीन पट असते. म्हणजे पाच स्टारवाली गाडीसुद्धा समृद्धीवर पूर्ण वेगात ठोकली तर चाचणीच्या कितीतरी पलीकडे गेलेली असते. म्हणून धडक होऊच नये यासाठीची यंत्रणा, म्हणजे ईएससी आणि चांगले टायर, तिथे एअरबॅगपेक्षाही आधी कामाला येतात. ईएससी आहे की नाही हे ‘सालावर’ आणि व्हेरियंटवर ठरतं. पूर्वी या किमतीच्या अनेक गाड्यांत ती फक्त वरच्या व्हेरियंटला मिळायची.

कंपनी स्वतःहून देते की द्यावं लागतं?

खरं सांगायचं तर मोठे बदल बहुतेक वेळा कायद्यामुळे आले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा बजर, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ८० च्या पुढे टिंग टिंग वाजतं आणि १२० च्या पुढे थांबतच नाही, ते तेव्हापासून. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ संपता संपता सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाली. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. सहा एअरबॅग मात्र सक्तीच्या झाल्या नाहीत. सरकारने २०२२ च्या जानेवारीत मसुदा आणला, मग तारीख पुढे ढकलली, आणि २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगितलं. त्याच ऑक्टोबरमध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची स्टार देणारी व्यवस्था सुरू झाली. म्हणजे सरकारने काठी ठेवली आणि कंपन्यांना गुणपत्रिका दाखवली. गुणपत्रिकेचा परिणाम या सेगमेंटमध्ये तरी दिसला, कारण स्टार नसलेली छोटी एसयूव्ही आता विकायला जड जाते.

बाकी राहिलं ते सजावटीचं. सनरूफ, मोठी स्क्रीन, रंग, लाइटची पट्टी, व्हेरियंटची नवी नावं. विदर्भातल्या मे महिन्यात, ४४-४५ डिग्रीत, काचेचं छप्पर कुणाला हवं असतं हा प्रश्न मला पडतो. पण मुलं वर डोकं काढून उभी राहतात (जे अजिबात करू नये) आणि वडील पैसे मोजतात. २०२३ च्या नेक्सॉनमध्ये एसीचा पॅनल टच केला. शोरूममध्ये चकाचक दिसतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चालत्या गाडीत बोट नेमकं कुठे टेकवायचं ते चालवणाऱ्यालाच माहीत. फिरवायचं बटण न बघता फिरवता यायचं. प्रत्येक ‘सुधारणा’ पुढेच जाते असं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नेक्सॉनला एडास आलं. कॅमेरा समोरचा रस्ता बघतो, गाडी लेन सोडायला लागली तर सावध करतो, धडक होणार असं वाटलं तर स्वतः ब्रेक लावतो. हे फक्त सगळ्यात वरच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये, साधारण साडेतेरा लाखांच्या घरात. थ्रीएक्सओमध्ये ते २०२४ पासूनच आहे. समृद्धीवर, जिथे पट्टे स्पष्ट आहेत आणि एकसुरी रस्त्याने डुलकी लागते, तिथे याचा उपयोग आहे. गावाकडच्या रस्त्यावर मात्र पट्टे नाहीत. संध्याकाळी समोर सोयाबीनची पोती भरलेली, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली असते. तिथे या यंत्रणेच्या भरवशावर पाय सैल सोडणं म्हणजे वेडेपणा.

दहा लाखांची रेघ

सजावटीच्या नादात एक खर्च अनेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर आरटीओचा एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आहे, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. डिझेलला तेच १३ आणि १४. शिवाय गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली की शोरूम एक टक्का टीसीएस म्हणजे आयकराची आगाऊ रक्कम कापतं.

समजा एक व्हेरियंट ९ लाख ९५ हजारांचा आहे आणि सनरूफवाला १० लाख १० हजारांचा. वाटतं, पंधरा हजारांचाच तर फरक आहे. पहिल्यावर आरटीओ कर होतो १,०९,४५० रुपये, दुसऱ्यावर १,२१,२००, वर टीसीएस १०,१००. म्हणजे पंधरा हजारांच्या सनरूफमागे आणखी जवळपास बावीस हजार गेले. टीसीएस परत मिळतो, पण आयकर रिटर्न भरलं तर. ज्याचं उत्पन्न शेतीचं आहे आणि ज्याने कधी रिटर्न भरलंच नाही, त्याचे दहा हजार तिथेच पडून राहतात. असं शोरूमच्या टेबलावर कुणी समजावून सांगत नाही.

डिसेंबरची सूट घ्यावी का?

आता मूळ प्रश्नाकडे. सरत्या सालाची गाडी डिसेंबरात स्वस्त मिळते. काही जण गाडी डिसेंबरात ठरवतात आणि पासिंग जानेवारीत करून घेतात, म्हणजे एमएच ३७ चा नंबर नव्या वर्षाचा लागतो. पण आरसीवर पासिंगची तारीख वेगळी असते आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष वेगळं लिहिलेलं असतं. उद्या विकायला काढाल तेव्हा घेणारा “मॉडेल कोणतं?” असं विचारणार आणि आरसीत बनल्याचं साल बघणार. आपल्याकडची सवय मी सुरुवातीला सांगितलीच.

त्यामुळे हिशेब असा करायचा. गाडी आठ-दहा वर्षं दारात ठेवायची असेल तर एका सालाचा फरक फारसा उरत नाही, सूट घसघशीत असेल तर घ्या. तीन-चार वर्षांत विकायची असेल तर सूट त्या एका सालाच्या घसरणीपेक्षा जास्त आहे का ते बघा. आणि त्याआधी एक गोष्ट विचारा. नव्या सालात फक्त रंग आणि स्क्रीन येतेय, की सुरक्षेचं काही येतेय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये ज्याने जुन्या नेक्सॉनवर सूट घेतली, त्याने पुढच्याच महिन्यात आलेल्या सहा एअरबॅग गमावल्या. अशी सूट मला महाग वाटते. यंदाच्या डिसेंबरमध्ये तसं काही नाही. २०२५ ची नेक्सॉन सूट देऊन मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त ती जीएसटी कमी झाल्यानंतरच्या किमतीवर सूट आहे ना, हे पावतीवर तपासा. जुन्या किमतीतून करकपात वजा करून तीच ‘डिस्काउंट’ म्हणून दाखवणं सोपं असतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी सालाच्या आणखी दोन रेघा आहेत. एप्रिल २०२० नंतरची डिझेल गाडी बीएस-६ आहे, तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. जी गाडी फक्त पाटणी चौक ते बाजार समिती एवढीच फिरणार आहे, तिला बीएस-६ डिझेल घेऊ नका, जाळी तुंबण्याचं बिल मोठं येतं. दुसरी रेघ एप्रिल २०२३. त्यानंतर बनलेल्या पेट्रोल गाड्यांचे रबर आणि पाइप २० टक्के इथेनॉल सोसतील असे आहेत, आणि आज पंपावर तेच पेट्रोल मिळतं. त्याआधीची गाडी घेत असाल तर कंपनीच्या माहितीपुस्तकात इथेनॉलबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि इंधनाच्या पाइपांची तपासणी मेकॅनिककडून करून घ्या.

बयाणा देण्याआधी आरसीचा फोटो मागवा. त्यात ‘बनल्याचा महिना-वर्ष’ लिहिलेला असतो, चेसिस नंबरमध्येही त्याचा कोड असतो आणि तो प्रत्येक कंपनीत वेगळ्या जागी असतो, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलेलं बरं. नेक्सॉन असेल तर बघायची तारीख एकच, सप्टेंबर २०२३ च्या आधीची की नंतरची.